हिना की शमामा?

लुगड्यांच्या दुकानात बायकांना फार वेळ लागतो, असा आम्हा पुरुषांचा एक जुना आरोप आहे. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर मी एका दुकानात सकाळी दहाला शिरलो आणि दिवेलागणीपर्यंत मला निर्णय करता आला नाही. तेव्हापासून हा आरोप मी बिनशर्त मागे घेतला आहे. मला लुगडे घ्यायचे नव्हते. घ्यायचे होते अर्धा तोळा अत्तर, आणि ठरवायचे होते ते एवढेच, की हिना घ्यायचा की शमामा.

आता अर्धा तोळा अत्तरासाठी कुणी पुण्याहून उठून कन्नौजला जाते का, असे तुम्ही विचाराल. आमच्या शेजाऱ्यांनीही विचारले. त्यांना मी सांगितले, की सौ.ला गंगास्नान घडवायचे बरेच दिवस राहून गेले आहे. हे खोटे नव्हते. पण पुरते खरेही नव्हते.

खरे कारण नाशकात राहते. ते माझे थोरले बंधू. आमचा वाडा विकला गेला, वाटणीच्या कागदांवर सह्या झाल्या, आणि त्या दिवशी सह्यांबरोबर आम्हा दोघांच्या तोंडून असे काही शब्द गेले, की पुढची सहा वर्षे दादाची दिवाळी नाशकात आणि माझी पुण्यात. लग्नकार्यात भेटलो तर एकमेकांच्या मुलांची चौकशी करायची आणि वेगवेगळ्या पंगतीला बसायचे. गेल्या वर्षी गणपती उठल्यावर अचानक दादाचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच हुकमी.

“या वेळी दिवाळीला इकडे या सगळे. आणि हे बघ, येताना बाबांचं ते अत्तर कुठे मिळालं तर आण. शमामा.”

“बरं,” मी म्हणालो आणि फोन ठेवला. ठेवल्यावर मात्र माझ्या लक्षात आले, की बाबांचे अत्तर शमामा नव्हतेच. हिना होते!

बाबा पोस्टात होते. साधे राहणारे गृहस्थ. वर्षात चैन एकच. मुंबईचा त्यांचा एक स्नेही दिवाळीच्या आधी महंमद अली रोडवरून अर्धा तोळा अत्तर आणून देई. ती कुपी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत राही आणि नरकचतुर्दशीला पहाटे बाहेर येई. अभ्यंगस्नान झाले, कारीट फोडून झाले, की आम्ही कुडकुडत ओळीने उभे राहायचे. बाबा काचेच्या बुचाची काडी सगळ्यांच्या मनगटामागे टेकवीत जायचे. पहिला मान दादाचा, मग बहिणींचा, शेवटी माझा. माझ्यापर्यंत येईतो काडी कोरडी पडलेली असे. तरी तो वास मी दिवसभर हुंगत हिंडत असे. असा वास जन्मात विसरेल काय कुणी? तो हिनाचाच होता. दादाला काय ठाऊक!

बाबांना जाऊन बावीस वर्षे झाली. वाटणीत दादाला बाबांचे घड्याळ गेले, माझ्याकडे ती रिकामी कुपी आली. ती घेऊन मी आधी मुंबईला गेलो. तिथल्या दुकानदाराने मला एकामागून एक इतके हिना हुंगवले, की शेवटी मला स्वतःच्या नाकाचाही भरवसा उरला नाही. दुसऱ्या दुकानात एक मनुष्य म्हणाला, “असली चीज हवी असेल तर कन्नौजला जा.” बहुधा मला वाटेला लावण्यासाठी म्हणाला असेल. पण मी गेलो.

मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेसने कानपूर आणि तिथून सुमारे ऐंशी किलोमीटर बसने कन्नौज. माझी कल्पना अशी, की कानपूर सुटले की दोन्ही बाजूंना गुलाबाचे ताटवे दिसू लागतील. दिसले काय, तर बटाटे! म्हणजे बटाटे लावण्यासाठी नांगरून ठेवलेली शेते, आणि मधूनमधून बटाटे साठवण्याची ती बिनखिडक्यांची, प्रचंड शीतगृहे. या जिल्ह्यात बटाटा अमाप पिकतो. गुलाबाचा हंगाम वसंतातला, आम्ही पोचलो शरदात. सौ. म्हणाली, “अत्तर नाही मिळालं तर दहा किलो बटाटे घेऊन जाऊ. जाऊबाईंना उपासाला होतील.”

गावात शिरलो आणि हा विनोद आपोआप बंद पडला. बाजारपेठेच्या त्या अरुंद गल्लीत पाऊल टाकताच वाऱ्याच्या पहिल्या झुळकेत गुलाबपाणी आले, दुसरीत उदबत्ती, तिसरीत तंबाखूचा मसाला, आणि चौथीत गटार! कन्नौजच्या गटारांतूनही सुगंध वाहतो म्हणतात. माझ्यापुरते मी एवढेच सांगेन, की गटारे आमच्या पुण्यासारखीच आहेत; त्यांच्या आसपासची हवा मात्र वेगळी आहे. कुठल्या घराच्या ओसरीवर कोणी फुलांच्या पोत्यांचा हिशेब करीत आहे, कुठे तांब्याच्या भांड्यांना कल्हईवाला बसला आहे, कुठे काचेच्या छोट्या छोट्या कुप्या धुऊन उन्हात पालथ्या घातल्या आहेत.

आम्ही ज्या दुकानात शिरलो त्याचे मालक सत्तरी ओलांडलेले. गावात सारे त्यांना चाचा म्हणत. पांढरीशुभ्र गादी, मागे कुप्यांनी भरलेली लाकडी कपाटे, आणि चाचांच्या कानाच्या पाळीत खोचलेला कापसाचा फाया. मी खिशातून बाबांची कुपी काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि न्यायाधीशापुढे पुरावा ठेवावा तशा सुरात विचारले, “चाचा, यह हिना है या शमामा?”

चाचांनी बूच काढले. डोळे मिटले. कुपी नाकापासून वीतभर दूर धरली, जवळ आणली, पुन्हा दूर नेली. मी सौ.कडे विजयी मुद्रेने पाहिले.

“चंदन है,” चाचा म्हणाले. “बाकी सब उड़ गया.”

झाले! एवढ्या लांबून आणलेला पुरावा असा फुकट गेला. चाचांनी माझा पडलेला चेहरा पाहिला असावा. ते म्हणाले, की अत्तरात शेवटपर्यंत राहते ते चंदनाचे तेलच. फुले आणि मसाले त्याच्या खांद्यावर बसून येतात आणि एकेक करून उतरून जातात. शिवाय हिना आणि शमामा यांत भिंत अशी नाहीच. दोन्ही थंडीची अत्तरे, दोन्ही जडीबुटी आणि मसाल्यांची, दोन्ही उष्ण. प्रत्येक घराण्याचा नुस्खा वेगळा. या घरचा हिना त्या घरच्या शमाम्यासारखा निघू शकतो. “एकही खानदान के हैं. भाई-भाई समझिए.”

सौ.ला त्याच वेळी नेमका खोकला आला.

इथे वाचकांसाठी एक खुलासा केला पाहिजे, कारण मीही त्या गफलतीत होतो. हिना म्हणजे मेंदी, तेव्हा हे अत्तर मेंदीचे असणार, असे आपण धरून चालतो. मेंदीच्या फुलांचे अत्तर असते, पण त्याला म्हणतात गुल-हिना. ते फुलासारखेच नाजूक. बाजारात नुसते हिना म्हणून जे ओळखले जाते, ते अनेक वनस्पती आणि मसाले मिळून केलेले गडद, गोडसर, तिखट अत्तर. उन्हाळ्यात वाळा, मोगरा, केवडा लावायचा, पहिल्या पावसाची आठवण देणारे मातीचे अत्तर लावायचे, आणि थंडी पडली की हिना आणि शमामा बाहेर काढायचे, अशी ही ऋतुचर्या. ऊबदार कपड्यांबरोबर ऊबदार वास.

“ठरवायचंय ना?” चाचा म्हणाले. “मग हुंगू नका. लावा आणि फिरून या.” त्यांनी माझ्या डाव्या मनगटावर हिनाची काडी टेकवली आणि उजव्यावर शमाम्याची. “चोळायचं नाही. एकमेकांना लागू द्यायचं नाही. संध्याकाळी या.” असे दोन वास दोन हातांवर घेऊन, नुकतीच मेंदी लावलेल्या नवरीसारखे दोन्ही हात अंगापासून दूर धरून, मी कन्नौज पाहायला निघालो.

पहिल्या तासात माझा निकाल लागल्यासारखाच होता. डावा हात, म्हणजे हिना, प्रथम थोडा औषधी वाटला. वैद्याच्या दुकानात लाकडी खण उघडावा तसा. पण पाच-दहा मिनिटांत तो खाली बसला आणि त्यातून एक मातकट गोडवा वर आला. उजवा हात मात्र भडकलेला! लवंग, वेलदोडा, जायफळ आणि धूर, सगळे एकाच दारातून एकदम घुसू पाहत होते. मी सौ.ला म्हणालो, “हे बाबांचं असणंच शक्य नाही. बाबा इतक्या मोठ्यानं कधी बोललेसुद्धा नाहीत.”

चाचांच्या माणसाने आम्हांला त्यांच्या भट्टीवर नेले. मोठा अंगणासारखा चौक. विटांच्या चुलाण्यांवर ओळीने तांब्याचे पोटफुगे हंडे, त्यांना म्हणतात डेग. डेगेत पाणी आणि फुले किंवा मसाला भरायचा, झाकण ठेवून माती आणि कापसाने फटी लिंपून टाकायच्या. झाकणातून बांबूची एक नळी निघते. तिला दोरी गुंडाळलेली असते आणि तिचे नाव चोंगा. नळीचे दुसरे तोंड एका लांब मानेच्या तांब्याच्या भांड्यात. हा भपका. भपका पाण्याच्या हौदात बुडलेला, आणि त्याच्या पोटात आधीच चंदनाचे तेल. खाली लाकडे आणि गोवऱ्यांचा जाळ. वाफ चोंग्यातून भपक्यात येते, थंड होते, आणि तिच्यातला सुगंध चंदनाचे तेल पिऊन घेते. रात्री सारे निवले, की तेल वर येते. खालचे पाणी काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी नवा माल डेगेत, आणि तेल मात्र कालचेच. पुन्हा जाळ. असे दिवसामागून दिवस. शमाम्यासारख्या अत्तराला तर एकापाठोपाठ एक मसाल्यांची पाळी येते, आणि तेच तेल सगळ्यांचे ऐकून घेते.

घड्याळ नाही, उष्णतामापक नाही. तिथला वयस्क कारागीर मधूनच हौदात हात घालून भपक्याला चाचपून पाही. हाताला जे कळते त्यावरून तो जाळ कमीजास्त करी. भपका भरत आला, की डेगेवर ओले फडके टाकून तिला घटकाभर गप्प बसवायचे आणि भपका बदलायचा. मी विचारले, “किती वर्षं करता हे?” तो हसून म्हणाला, “पता नहीं. बाप करता था.”

तयार अत्तर पूर्वी चामड्याच्या कुप्यांत भरून ठेवीत. कातड्यातून पाण्याचा अंश हळूहळू उडून जाई आणि अत्तर मुरे. तसल्या जुन्या कुप्या एका कोनाड्यात होत्या. हल्ली काच आणि ॲल्युमिनियम. त्याहून मोठा बदल चंदनाचा. चंदन इतके महाग झाले आहे, की बाजारातले पुष्कळ माल आता पॅराफिनच्या तेलावर ओढले जातात. वास तोच, पण खांदा वेगळा. सरकारनेही इकडे लक्ष घातले आहे. सुगंधाच्या अभ्यासाचे एक केंद्र १९९१ पासून या गावात आहे, आणि २०१४ साली कन्नौजच्या अत्तराला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मानांकनाने चंदनाचे झाड लवकर वाढत नाही.

भट्टीमागच्या कोठीत आम्ही गेलो, आणि तिथे माझी सौ. एकाएकी घरच्यासारखी वागू लागली. पोत्यांच्या रांगा होत्या. त्या माणसाने एकात हात घालून मूठभर काळपट, कुरळ्या पापुद्र्यांसारखे काही बाहेर काढले. “छडीला.”

“अहो, हे तर दगडफूल!” सौ. ओरडली. “गोड्या मसाल्यात घालते की मी!”

मग काय विचारता! ती पुढे आणि तो माणूस मागे. ही जायपत्री, हे जायफळ, ही लवंग. हा नागरमोथा, ही कपूरकाचरी, ही जटामांसी, हा वाळा. “हे सगळं उटण्यात पडतं,” ती मला म्हणाली. “तुम्ही शमामा शमामा म्हणून जे करताय ना, ते म्हणजे माझा मसाल्याचा डबा आणि उटण्याची पुडी एका पातेल्यात घातलीय, आणि त्यात चंदन.” मी उजवे मनगट नाकाशी नेले. खरेच होते. धूर आता मागे सरला होता. पुढे आला होता तो नरकचतुर्दशीचा पहाटेचा न्हाणीघरातला वास, तांब्याच्या बंबाचा, तिळाच्या तेलाचा, आईने अंगाला चोळलेल्या उटण्याचा. मी पटकन हात खाली केला. दादाच्या बाजूने पुरावा जमू लागला होता आणि मला तो नको होता.

आपल्या पूर्वजांना ही निवडीची अडचण नवीन नव्हती. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत सुगंध बनवण्यावर एक अध्यायच लिहिला आहे. सोळा द्रव्ये घ्या, त्यांतली चार-चार निवडून मिसळा, तर किती प्रकार होतील, याचा हिशेबही त्याने केला आहे. १,८२०! प्रमाण बदलले तर विचारूच नका. अठराशे वीसांच्या पुढे माझी अडचण फक्त दोघांची. तरीही त्या ज्योतिषाचार्याने यांतला आपल्या वडिलांचा वास कोणता, हे ओळखायची रीत सांगितलेली नाही.

दुपारी आम्ही गंगेकडे निघालो. वाटेत जुन्या कन्नौजचे उंचवटे लागतात. मातीच्या टेकाडांत विटांचे तुकडे, त्यांच्यावर घरे, घरांवर डिशच्या छत्र्या. हेच ते कान्यकुब्ज. सातव्या शतकात हर्षाची राजधानी; चिनी यात्रेकरू ह्यूएनत्संगाने ते डोळे भरून पाहिले. पुढे दोनशे वर्षे या एका नगरासाठी प्रतिहार, पाल आणि राष्ट्रकूट भांडत राहिले. वेरूळचे कैलास लेणे खोदवणाऱ्या राष्ट्रकुटांच्याच घराण्यातला तिसरा इंद्र ९१६च्या सुमारास दख्खनेतून इथवर चालून आला आणि त्याने कन्नौज घेतले. ते त्यांना टिकवता आले नाही, ही गोष्ट वेगळी. एका जागेवरून तीन घरांनी पिढ्यान् पिढ्या भांडावे, आणि शेवटी उरावी मातीची टेकाडे! मी त्या टेकाडाकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिलो असेन, कारण सौ. म्हणाली, “चला आता. वाडा नाहीये तो आपला.”

कान्यकुब्ज या नावाची कथा रामायणात येते. कुशनाभ राजाच्या शंभर मुलींवर वायूचे मन गेले; त्यांनी नकार दिला, तेव्हा त्याने रागाने त्यांना कुबड्या करून टाकले. म्हणून हे कुबड्या कन्यांचे नगर. गंमत पाहा, वायूला संस्कृतात गंधवाह म्हणतात. ज्या गावच्या मुलींनी वाऱ्याला झिडकारले, त्याच गावाचे पोट पुढे वाऱ्यावर चालावे! वायूनेही जुना राग धरून ठेवलेला दिसत नाही. रोज तो या गावचा माल निमूट वाहून नेतो.

गंगा आता गावापासून काही किलोमीटर दूर सरकली आहे. घाटावर पोचलो तेव्हा ऊन कलले होते. घाटाचे नाव विचारले. मेहंदी घाट! मी उडालोच. मेहंदी म्हणजे हिना. आता याहून स्पष्ट कौल तो कोणता? सौ.ने पदर खोचला, पायऱ्या उतरता उतरता मागे वळून म्हणाली, “गंगेला एवढंच काम राहिलंय. तुमच्या अत्तराचा कौल द्यायचं.”

तिने स्नान केले. मला चाचांनी हात भिजवायला बंदी केलेली; मी दोन्ही हात आभाळाकडे करून गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. पलीकडच्या वाळूत काकड्यांच्या वाड्यांची जुनी कुंपणे दिसत होती. बाजूचा एक म्हातारा नावाडी बराच वेळ माझ्याकडे पाहत होता. मी मोठ्या भक्तिभावाने सूर्याची उपासना करतो आहे, अशी त्याची समजूत झाली असावी.

परतताना बसमध्ये मी डोळे मिटून आधी डावा हात हुंगला. आता हिनातली औषधी धार गेली होती. उरली होती एक खोल, संथ ऊब. मला आमच्या वाड्याची ओसरी दिसली. बाबा झोपाळ्यावर, अंगात दिवाळीचा कोट, पुढे दिवाळी अंक. मी म्हटले, हेच! मग खात्रीसाठी म्हणून उजवा हात हुंगला. शमाम्याचे मसाले विझून गेले होते, आणि राखेखालच्या निखाऱ्यासारखे काहीतरी केशराच्या अंगाने उबत होते. मला बाबा दिसले. पहाटेचा अंधार, त्यांचे ओले केस, हातात कुपी, आणि ओळीत पहिला उभा असलेला दादा.

त्या क्षणी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. वय साठ ओलांडेपर्यंत ती का सुचली नव्हती, देव जाणे. दादाला मिळत असे ती काडी कुपीतून नुकतीच बाहेर आलेली, भिजलेली, ठिबकणारी. मला मिळे ती साऱ्यांना लावून उरलेली. त्याच्या हातावर मसाले भडकत. माझ्या हातावर नुसती चंदनाची सावली पडे. अत्तर एकच. आम्हा दोघांना मिळालेले बाबा मात्र थोडेथोडे वेगळे होते. त्याचे बाबा तरुण होते, कडक होते, पहिल्या पगारातून घर उभे करणारे होते. माझ्या वाटचे बाबा निवांत, पेन्शनीला आलेले. आणि आम्ही मात्र वाड्याच्या वेळी आपले बाबा काय म्हणाले असते, यावरून भांडलो.

पण यामुळे प्रश्न सुटला असे समजू नका. अत्तर हिना होते की शमामा, हे मला अजूनही कळलेले नव्हते. दिवे लागायच्या वेळी आम्ही चाचांच्या गादीवर पुन्हा येऊन बसलो. चाचांनी चहा मागवला. त्यांनी सांगितलेला भाव ऐकून मी चहाचा पेला खाली ठेवला. खऱ्या चंदनावरचा अर्धा तोळा आमच्या दोघांच्या येण्याजाण्याच्या भाड्याहून महाग! दोन्ही घेण्याची सोय उरली नाही. पॅराफिनवरचे दोन्ही मिळून त्याच्या एका हिश्शात आले असते. चाचांनी तेही काढून दाखवले, आणि कोणते कोणते ते स्पष्ट सांगितले. प्रामाणिक मनुष्य. पण बाबांच्या रिकाम्या कुपीत बावीस वर्षांनी जे उरले होते, ते चंदन होते. त्याला फाटा कसा द्यायचा?

मी डावा हात पुढे केला, मागे घेतला. उजवा केला, मागे घेतला. चाचा शांत होते. गिऱ्हाइकाला घाई करायची नाही, हा त्या गादीचा धर्मच दिसला. शेवटी सौ.च म्हणाली,

“भाऊजींनी काय आणायला सांगितलंय?”

“शमामा.”

“मग?”

एवढेच. हे एवढेसे मला ऐंशी किलोमीटर बसने आणि एक अख्खा दिवस हात वर करून हिंडल्यावरही सुचले नव्हते. मी बाबांची कुपी पुढे केली. चाचांनी ती कोमट पाण्याने धुवायला घेतली, आणि मी एकदम म्हणालो, “धोऊ नका. तशीच भरा.” त्यांनी माझ्याकडे पाहिले, मान हलवली, आणि जुन्या चंदनावर नवा शमामा ओतला. निघताना त्यांनी माझ्या कानात हिनाचा एक फाया खोचला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

नरकचतुर्दशीला पहाटे नाशकात चौथ्या मजल्यावर गीझरच्या पाण्याने आमची अभ्यंगस्नाने झाली. वहिनींनी कारीट कुठूनसे मिळवले होते. ते गॅलरीत फोडले. मुले, सुना, नातवंडे दिवाणखान्यात ओळीने उभी राहिली. मी कुपी दादाच्या हातात दिली. त्याने कुपी ओळखली. काही बोलला नाही. बूच काढून काडी बाहेर काढली आणि, का कोण जाणे, ओळ सोडून आधी माझ्यापाशी आला. ठिबकणारी काडी त्याने माझ्या मनगटामागे टेकवली. इतके अत्तर मला आयुष्यात कधी लागले नव्हते. मसाला नाकात असा चढला, की डोळ्यांत पाणी आले. निदान मी तसे सांगितले.

सगळ्यांना लावून झाल्यावर दादाने उरलेली कोरडी काडी स्वतःच्या हाताला लावली, खुर्चीवर बसला आणि कितीतरी वेळ हुंगत राहिला.

“बाबांचं याहून जरा सौम्य होतं,” तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून, “तुला काय वाटतं?”

दादाने मला काय वाटते हे विचारल्याचे मला तरी आठवत नाही. मी पुन्हा मनगट हुंगले.

“मला उलट वाटतंय, याहून थोडं उग्र असेल.”

“हं,” दादा म्हणाला. आतून वहिनींनी फराळाला हाक मारली. उठता उठता त्याने कुपीचे बूच घट्ट लावले, फडक्यात गुंडाळली, आणि माझ्या हातात परत दिली.

“असू दे तुझ्याकडेच. पुढच्या वर्षी हिना आण. बघू.”

यंदा दसरा झाल्याबरोबर मी चाचांना फोन केला आहे. अर्धा तोळा, चंदनावरचा. वाट पाहतो आहे.